कबुलीजबाबाचा आवाज : माझ्या आवडीचे काही न्वार चित्रपट

एक माणूस मध्यरात्रीनंतर आपल्या कचेरीत येतो. त्याच्या खांद्यात गोळी रुतलेली आहे आणि कोटावर रक्ताचा डाग पसरतो आहे, तरी तो डॉक्टरकडे गेलेला नाही. तो टेबलाशी बसतो, डिक्टाफोन (बोललेले ध्वनिमुद्रित करणारे यंत्र) सुरू करतो आणि एका सहकाऱ्याला उद्देशून बोलू लागतो. खून मी केला, पैशासाठी केला आणि एका बाईसाठी केला. पैसा मिळाला नाही आणि बाईही मिळाली नाही. बिली वाइल्डरचा 'डबल इंडेम्निटी' (१९४४) असा सुरू होतो. खुनी कोण, त्याचा हेतू काय आणि त्याच्या पदरात काय पडले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पहिल्या काही मिनिटांतच देऊन हा चित्रपट मोकळा होतो.

रहस्यकथेच्या नेहमीच्या हिशेबाने हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, कारण वाचकाला किंवा प्रेक्षकाला धरून ठेवणारा एकमेव हुकमी पत्ता लेखकाने सुरुवातीलाच उघडा करून टाकला आहे. तरीही हा चित्रपट मी किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही. न्वार, म्हणजे काळोख्या छटेच्या गुन्हेगारीपटांविषयी लिहिताना काळोख, ओले रस्ते, सिगारेटचा धूर आणि खिडकीच्या पट्ट्यांतून भिंतीवर पडलेल्या आडव्या सावल्या यांचे वर्णन बहुतेक जण करतात आणि ते योग्यच आहे. मात्र मला या चित्रपटांकडे पुन्हा पुन्हा ओढून नेतो तो आवाज. आपली बरबादी स्वतःच्या तोंडाने सांगत बसलेला माणूस, त्याचे ते थकलेले आणि वरवर प्रामाणिक वाटणारे निवेदन, आणि त्या निवेदनात आणि पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींत हळूहळू पडत जाणारे अंतर, हे मला या सगळ्या प्रकारातले सर्वांत मोठे रहस्य वाटते. पुढे ज्या चित्रपटांविषयी लिहिले आहे ते याच एका निकषावर निवडलेले आहेत. त्यामुळे न्वारच्या कोणत्याही यादीत हमखास असणारी काही मोठी नावे येथे नुसती डोकावून जातील, किंवा येणारही नाहीत. कथानके थोडीफार उघड करण्याला इलाज नाही.

नावाविषयी थोडे सांगायला हवे. हे चित्रपट तयार होत होते तेव्हा हॉलिवूडमध्ये कोणीही आपण 'फिल्म न्वार' बनवतो आहोत असे म्हणत नव्हते. त्यांच्या लेखी ते गुन्हेगारीपट होते किंवा मेलोड्रामा होते. जर्मन ताब्याच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपट येणे बंद झाले होते. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, ते पॅरिसमध्ये एकदम दाखल झाले आणि मधल्या वर्षांत काहीतरी बदलले आहे हे तिथल्या समीक्षकांच्या लक्षात आले. त्यांपैकी नीनो फ्रँक या समीक्षकाने त्याच वर्षी हा शब्द या चित्रपटांना लावला. 'न्वार' म्हणजे काळा. जी माणसे तो बदल घडताना रोज थोडाथोडा पाहत होती त्यांना तो दिसला नाही, आणि ज्यांच्यासमोर तो गठ्ठ्याने येऊन पडला त्यांना दिसला, ही गोष्ट मला फार स्वाभाविक वाटते.

आता पुन्हा त्या कचेरीत जाऊ. वॉल्टर नेफ हा लॉस एंजेलिसमधला विमा विक्रेता आहे आणि फ्रेड मॅकमरेने तो साकारला आहे. मॅकमरे तोवर हलक्याफुलक्या विनोदी भूमिकांसाठी ओळखला जात असे, आणि ती ओळख येथे फार उपयोगी पडते, कारण नेफ हा मुळात वाईट वाटावा असा माणूसच नाही. फिलिस डीट्रिक्सन (बार्बरा स्टॅनविक) त्याला नवऱ्याच्या नावावर गुपचूप अपघात विमा उतरवण्याविषयी विचारते, तो क्षणात तिचा डाव ओळखतो, रागावून निघून जातो आणि तरीही तिच्या जाळ्यात सापडतो. निदान त्याचे सांगणे तरी असेच आहे. पण कान देऊन ऐकले तर मध्येच एक वाक्य त्याच्या तोंडून निसटते. जुगाराच्या चाकामागे उभा राहून गिऱ्हाइके फसवणूक करत नाहीत ना हे पाहणाऱ्या माणसाची तो उपमा देतो आणि कबूल करतो की असा माणूस एखाद्या रात्री विचार करू लागतो, आपणच हा जुगारअड्डा लुबाडला तर? म्हणजे फिलिस त्याच्या आयुष्यात येण्याच्या बऱ्याच आधीपासून हा बेत त्याच्या डोक्यात घोळत होता, आणि तिने येऊन केवळ दार वाजवले. बाईसाठी केले, हे सुरुवातीचे विधान या एका कबुलीने पोकळ ठरते. विषकन्येने भुलवलेला भोळा पुरुष अशी न्वारची जी सोपी व्याख्या केली जाते ती मला म्हणूनच पटत नाही. ती व्याख्या पुरुष निवेदकाच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवते.

दुसरा प्रश्न असा की, तो हे सारे कोणाला सांगतो आहे? पोलिसांना नाही, पाद्र्याला नाही, फिलिसला तर नाहीच. तो सांगतो आहे बार्टन कीजला. कीज हा दाव्यांची छाननी करणारा, बुटका, चिडखोर आणि खोट्या दाव्याचा वास येताच पोटात कालवाकालव होणारा अधिकारी, आणि एडवर्ड जी. रॉबिन्सनने ही भूमिका इतक्या झपाट्याने केली आहे की तो पडद्यावर असताना दुसरीकडे लक्ष जात नाही. कीजच्या तोंडात चिरूट असतो पण खिशात काडी कधीच नसते. प्रत्येक वेळी नेफ अंगठ्याच्या नखाने काडी ओढून त्याचा चिरूट पेटवून देतो. शेवटच्या दृश्यात ही देवाणघेवाण उलटी होते. वाइल्डरने याच्याही पुढे, गॅस चेंबरमध्ये नेफला मृत्युदंड दिला जात असल्याचा प्रसंग चित्रित केला होता आणि तो वगळला. काडीचे ते दृश्य झाल्यावर सांगण्यासारखे काही उरले नव्हते, हे त्याने बरोबर ओळखले. पटकथेत वाइल्डरचा जोडीदार रेमंड चँडलर होता, मूळ कादंबरी जेम्स एम. केनची होती, आणि या तिघांच्या कर्तबगारीला ऑस्करची सात नामांकने मिळूनही पुरस्कार एकही मिळाला नाही. जाता जाता एक गंमत सांगतो: कीजच्या दालनाबाहेरच्या खुर्चीवर काही सेकंद एक माणूस वाचत बसलेला दिसतो, तो स्वतः चँडलर आहे.

शेवट आधी सांगून टाकण्याची ही पद्धत इतकी का रुजली असावी, याविषयी माझा एक तर्क आहे. हॉलिवूडने स्वतःवर लादून घेतलेली आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे लागू झाली होती, आणि तिच्यानुसार गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे असा दंडक होता. तिकीट काढून आत बसलेल्या प्रत्येकाला खुनी सुटणार नाही हे ठाऊकच असे. मग जे सर्वांना माहीत आहे ते तासभर लपवून काय उपयोग? हुशार पटकथाकारांनी नियमातली ही अडचणच भांडवल म्हणून वापरली. शिक्षा सुरुवातीलाच दाखवून टाकली आणि माणूस तिथवर पोहोचला कसा, याकडे सगळा मोर्चा वळवला. नीतिरक्षकांनी घातलेल्या अटीतून नियतीची एवढी दाट छाया तयार व्हावी, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

या निकषावर सर्वांत वरचा चित्रपट कोणता, असे कोणी विचारले तर मी 'डबल इंडेम्निटी'चेही नाव घेणार नाही. मी एडगर जी. उल्मरच्या 'डिटूर'चे (१९४५) नाव घेईन. हा जेमतेम अडुसष्ट मिनिटांचा चित्रपट पीआरसी नावाच्या अगदी तळाच्या स्टुडिओत तयार झाला आणि त्याची गरिबी प्रत्येक चौकटीत दिसते. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नव्हते म्हणून नायक-नायिका दाट धुक्यातून चालतात. नायक रस्त्यावर अंगठा दाखवत पश्चिमेकडे निघतो त्या काही दृश्यांत प्रवासाची दिशा जुळावी म्हणून फिल्म उलटी छापली आहे, त्यामुळे मोटारी चक्क रस्त्याच्या चुकीच्या बाजूने धावतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या वाट्याला एक ओरखडलेली, मध्येच संवाद गिळणारी प्रत आली होती, आणि खरे सांगायचे तर मला त्यात विशेष काही दिसले नव्हते. आता त्याची नीट पुनरुज्जीवित केलेली प्रत उपलब्ध आहे, ती पाहावी.

कथा अशी. अल रॉबर्ट्स हा न्यूयॉर्कमधला पियानोवादक हॉलिवूडला गेलेल्या प्रेयसीकडे निघतो. वाटेत हॅस्केल नावाचा एक माणूस त्याला मोटारीत घेतो. रात्री, पावसात, हॅस्केल झोपलेला असताना अल त्याच्या बाजूचे दार उघडतो, हॅस्केल बाहेर कोसळतो, त्याचे डोके दगडावर आपटते आणि तो मरतो. हा अपघात होता यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही, असे म्हणून अल त्याचे कपडे, पैसे, मोटार आणि नावही घेऊन पुढे जातो. मग तो रस्त्यात व्हेरा नावाच्या एका स्त्रीला मोटारीत घेतो आणि नेमकी तीच काही काळापूर्वी हॅस्केलबरोबर प्रवास केलेली निघते. यापुढे आणखी एक मृत्यू होतो आणि तोही, अलच्या म्हणण्यानुसार, अपघातच असतो.

अलच्या म्हणण्यानुसार, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. एका उपाहारगृहात कपासमोर बसून तो मनातल्या मनात हे सांगतो आहे, आणि सांगताना तो सतत आपल्याशी हुज्जत घालतो: तुम्ही माझे ऐकणार नाही, तुम्ही म्हणाल की हे खोटे आहे. त्याच्यावर कोणी आरोप केलेला नसताना तो बचावाचे भाषण करतो आहे. दोन माणसे, दोन्ही त्याच्या सान्निध्यात, दोन्ही योगायोगाने मेलेली, आणि दोन्ही वेळा फायदा कोणाचा झाला? पहिल्यांदा पाहताना मी त्याला दैवाने गांजलेला बिचारा समजत होतो. दुसऱ्यांदा पाहताना मला प्रश्न पडला की आपण पाहिले ते घडलेले आहे, की वकिलापुढे उभे राहण्यापूर्वी त्याने पाठ केलेले आहे? उल्मर याचे उत्तर देत नाही. अलची भूमिका करणाऱ्या टॉम नीलचा तो कायम रडवेला चेहरा दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. आणि अॅन सॅव्हेजची व्हेरा! न्वारमधल्या बहुतेक धोकादायक स्त्रिया मखमली आवाजात बोलतात. ही सुरीसारखे बोलते. खोकणारी, पिणारी, झोप न झालेली, समोरच्याला क्षणभरही उसंत न देणारी ही बाई ज्या वेळी गाडीत बसते त्या वेळी चित्रपट जवळजवळ अर्धा झालेला असतो, पण नंतर तिच्याखेरीज काही आठवत नाही.

येथे एक योगायोग नोंदवण्याचा मोह आवरत नाही. १९३० साली बर्लिनमध्ये काही तरुणांनी हौशी कलाकारांना घेऊन रविवारच्या सहलीवर एक छोटा मूकपट केला होता. भरपूर ऊन, पाण्याचा काठ, हसणारी मुले-मुली. त्याच्या दिग्दर्शनात रॉबर्ट सिओडमाक आणि उल्मर होते, आणि लेखनात वाइल्डर. पुढे तिघेही जर्मनी सोडून अमेरिकेत पोहोचले आणि सोळा वर्षांच्या आत त्या उन्हाळी सहलीच्या कर्त्यांनी अनुक्रमे 'द किलर्स', 'डिटूर' आणि 'डबल इंडेम्निटी' हे चित्रपट केले.

सिओडमाकचा 'द किलर्स' (१९४६) मी या चर्चेत आणतो तो त्यातल्या मौनामुळे. हेमिंग्वेच्या छोट्या कथेवर बेतलेला पहिला भाग संपतो तेव्हा, मारेकरी येत आहेत अशी सूचना मिळूनही पलंगावरून न उठणारा स्वीड (बर्ट लँकेस्टरची ही पहिली भूमिका) मेलेला असतो. तो काहीच सांगत नाही. त्याच्याविषयी बाकीचे सांगतात: मित्र, पोलीस, कोठडीतला सोबती, मरणपंथाला लागलेला साथीदार. एक विमा तपासनीस या तुकड्यांची जुळवाजुळव करत जातो, आणि ती ज्या रकमेसाठी सुरू झाली ती विम्याची रक्कम आहे अवघी २,५०० डॉलर. एवढ्या लोकांचे ऐकूनही तो पळाला का नाही हे आपल्याला अंदाजानेच ठरवावे लागते. टोपीच्या कारखान्यातला दरोडा एकाच सलग दृश्यात, क्रेनवरून, चोरांच्या मागोमाग आत जाऊन पुन्हा बाहेर येत टिपला आहे. तेवढ्यासाठीसुद्धा हा चित्रपट पाहण्यासारखा आहे.

जॅक टूर्नरच्या 'आउट ऑफ द पास्ट'मध्ये (१९४७) कबुली ऐकणारी व्यक्ती शेजारीच बसलेली असते. लहानशा गावात पेट्रोल पंप चालवणारा जेफ (रॉबर्ट मिचम) रात्रभराच्या मोटारप्रवासात, ज्या मुलीशी त्याला लग्न करायचे आहे तिला, आपला भूतकाळ सांगून टाकतो. एका बड्या जुगाऱ्याने त्याला, गोळी झाडून आणि चाळीस हजार डॉलर घेऊन पळालेल्या प्रेयसीचा माग काढायला पाठवले होते. अकापुल्कोमधल्या एका अंधाऱ्या कॅफेत जेफ वाट पाहत बसलेला असतो आणि कॅथी (जेन ग्रीअर) बाहेरच्या उन्हातून आत येते. छायालेखक निकोलस मुसुराका हा अंधाराचा वस्ताद म्हणून ओळखला जातो, पण येथे त्याने सगळा घात उजेडातून आणला आहे. पैसे मी घेतले नाहीत असे ती सांगू लागते आणि जेफ तिला थांबवतो. त्याला फरक पडत नाही. त्याला खोटे कळले नाही असे नाही. त्याने ते न ऐकण्याचे ठरवले. मिचमच्या झोपाळू आवाजात सांगितलेली ही हकीकत मध्यावरच संपते, मोटार इच्छित स्थळी पोहोचते, आणि आता तो आवाज नाहीसा होतो. सांगून मोकळे झाल्यावर भूतकाळ संपेल अशी त्याची समजूत असते. पुढचा अर्धा चित्रपट त्या समजुतीची किंमत वसूल करतो. अगदी शेवटी, एका मुक्या-बहिऱ्या मुलाला केवळ मान हलवून एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते. ते उत्तर खरे नसते, आणि एवढ्या बोलक्या चित्रपटातले सर्वांत दयाळू विधान तेच आहे.

निवेदकाच्या इतर तऱ्हांचा केवळ उल्लेख करतो. 'मर्डर, माय स्वीट'मधला (१९४४) गुप्तहेर डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या अवस्थेत जबानी देतो. 'लॉरा'ची (१९४४) सुरुवात एका खवचट लेखकाच्या निवेदनाने होते आणि मग ते निवेदन बेमालूम गायब होते. का, ते पाहणाऱ्याने शोधावे. 'डी.ओ.ए.'मध्ये (१९५०) एक माणूस पोलिसांकडे खुनाची फिर्याद घेऊन येतो, आणि तो खून त्याचा स्वतःचाच असतो. त्याच वर्षीच्या 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्ये वाइल्डरने यावरही ताण केली आणि निवेदकाला तरणतलावात मेलेला, तरंगताना दाखवले. मूळ सुरुवातीत त्याचे आणि इतरांची प्रेते शवागारात आपापसांत गप्पा मारत होती, पण खासगी खेळात प्रेक्षक हसू लागल्यामुळे तो भाग काढावा लागला. तो चित्रपट थोर आहेच, पण त्यातला निवेदक मेल्यावरही इतका चुरचुरीत बोलतो की मला त्याच्याविषयी हळहळ अशी वाटत नाही. माझी हळहळ त्यातल्या विस्मृतीत गेलेल्या मूकपट-तारकेसाठी, नॉर्मा डेस्मंडसाठी, राखून ठेवलेली असते. 'द बिग स्लीप' (१९४६) मात्र निवेदनावाचून चालतो, आणि त्याचे कथानक इतके गुंतागुंतीचे आहे की मोटारचालकाला कोणी मारले, असे विचारले असता मूळ कादंबरी लिहिणाऱ्या खुद्द चँडलरला सांगता आले नव्हते. तो हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल यांच्या संवादांसाठी पाहावा, गुन्ह्याचा हिशेब लावू नये.

'द थर्ड मॅन'ची (१९४९) गोष्ट थोडी निराळी आहे. युद्धानंतर चार सत्तांनी वाटून घेतलेल्या व्हिएन्नात घडणारा हा ब्रिटिश चित्रपट दोन वेगवेगळ्या आवाजांत सुरू होतो. ब्रिटिश आवृत्तीत सुरुवातीचे निवेदन दिग्दर्शक कॅरल रीडने स्वतः केले आहे. ते काळ्या बाजारात मुरलेल्या कोणा अनामिकाचे वाटते. अमेरिकी आवृत्तीत तेच निवेदन नायकाच्या, म्हणजे जोसेफ कॉटनच्या, तोंडी दिले गेले. पहिल्यात शहर बोलते, दुसऱ्यात एक भाबडा परदेशी पाहुणा बोलतो, आणि एवढ्या फरकाने पुढच्या सगळ्या प्रसंगांचा सूर बदलतो. मिळाली तर ब्रिटिश आवृत्तीच पाहावी. अँटन कारासचे झिथर हे तंतुवाद्य आणि रॉबर्ट क्रास्करचा तिरका कॅमेरा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याचा शेवट आठवतो, कारण त्यात कोणीच काही बोलत नाही. स्मशानाच्या लांबलचक रस्त्यावरून नायिका चालत येते, नायक वाट पाहत उभा आहे, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. पटकथाकार ग्रॅहम ग्रीनला आशादायक शेवट हवा होता. रीडचे बरोबर होते, हे त्याने पुढे मोकळेपणाने मान्य केले.

शेवटचा चित्रपट निकोलस रेचा 'इन अ लोनली प्लेस' (१९५०). यात निवेदक नाही, मात्र नायक धंद्याने लेखक आहे, म्हणजे इतरांच्या तोंडी वाक्ये घालणे हेच त्याचे काम. डिक्सन स्टील (हम्फ्री बोगार्ट) हा उतरणीला लागलेला, क्षणात हात उचलणारा पटकथाकार. एका रात्री त्याच्या घरी येऊन गेलेल्या तरुणीचा खून होतो. समोरच्या घरात राहणारी लॉरेल (ग्लोरिया ग्रॅहम) त्याच्या बाजूने साक्ष देते, मग त्याच्या प्रेमात पडते, आणि मग तिला त्याची भीती वाटू लागते. डोरोथी बी. ह्यूजच्या मूळ कादंबरीत संशयाला वाव नाही, तिथे तो खुनीच आहे. चित्रपटात मात्र आपण लॉरेलच्या जागी उभे राहतो आणि डिक्सनचा चेहरा वाचण्याचा प्रयत्न करत राहतो. बोगार्टने आपल्या नेहमीच्या रुबाबदार एकलकोंडेपणाला आतून कीड लागलेली येथे दाखवली आहे, आणि तेवढे धाडस त्याने इतरत्र क्वचितच केले. चित्रीकरणाच्या वेळी रे आणि ग्रॅहम हे नवरा-बायको होते आणि त्यांचा संसार मोडत चालला होता. मूळ पटकथेत डिक्सन लॉरेलचा गळा दाबतो; रेने तो शेवट चित्रितही केला आणि मग टाकून दिला. नव्या शेवटात खुनाचा उलगडा टेलिफोनवरून होतो, पण तोवर त्या दोघांच्या दृष्टीने त्याला काहीही अर्थ उरलेला नसतो.

चित्रपटाच्या मध्यावर, मोटार चालवत असताना, डिक्सनला आपल्या पटकथेसाठी तीन वाक्ये सुचतात. तिने चुंबन घेतले तेव्हा जन्मलो, ती सोडून गेली तेव्हा मेलो, आणि तिचे प्रेम होते तेवढे काही आठवडे जगलो, अशा अर्थाची. कुठे वापरायची ते अजून ठरलेले नाही, असे म्हणून तो लॉरेलला ती म्हणून दाखवायला सांगतो. ती अडखळते. अखेरच्या दृश्यात तो अंगण ओलांडून निघून जात असतो, आणि दारात उभी राहिलेली लॉरेल, कोणी न सांगता, त्यातले शेवटचे वाक्य न अडखळता म्हणते.